ऊन कातडीच्या आत काय करतं?

मी हट्ट्याहून बोलतेय. शाळेत विज्ञान शिकवते आणि सुटीच्या दिवशी घरच्या हळदीत राबते. त्यामुळे आजचा विषय पुस्तकातून आणलाय तसा शेतातूनही आणलाय.

शिवरात्रीच्या आसपास आपल्याकडे हळदीची काढणी जोरात असते. पाला कापायचा, कंद वेचायचे, माती झाडायची, गड्डे वेगळे आणि हळकुंडं वेगळी करायची. शिजली की पसरायची, आणि पुढचे पंधरा दिवस वर-खाली करत बसायचं. हळदीला कडक ऊन लागतं, म्हणून बायकाही कडक उन्हातच लागतात. वसमतच्या मोंढ्यात भाव काय निघाला यावर घरोघरी चर्चा होते. पसरणाऱ्या बाईच्या मानेवर, हातावर काय पसरलं, यावर होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका मावशींना मी म्हटलं, ‘मावशी, बाह्या खाली घ्या, मान झाका.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आगं माय, आपला जलम उन्हात गेला. आता ऊन काय करतंय?’ मी शिकवणारी बाई, पण मला चटकन उत्तर देता आलं नाही. हे भाषण म्हणजे मावशींना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी स्वयंपाकघरात जाऊ. हळदीची पूड काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवा. काही दिवसांनी उजेडाकडची बाजू फिकी पडते. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन उजेडानं तुटतं. म्हणून जाणती बाई हळद डब्यात ठेवते. आता शेंगदाण्याच्या तेलाची पारदर्शक बाटली खिडकीत ठेवा. डब्यातल्या तेलापेक्षा ती लवकर खवट होते. हवा दोन्हीकडे आहे, पण बाटलीवर उजेडही पडतो. हवेतला प्राणवायू आपल्याला जगवतो हे खरं, पण तोच विळ्याला गंज चढवतो आणि तेल खवट करतो. याला शाळेच्या पुस्तकात ऑक्सिडीकरण म्हणतात. उजेडाची साथ मिळाली की हा प्राणवायू जास्त आक्रमक होतो. तेलाच्या बाटलीत जे होतं त्याच्यासारखंच काहीतरी कातडीच्या आत होतं, एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं आहे.

उन्हात बरेच किरण असतात. चटका लागतो तो उष्णतेच्या किरणांचा. मी बोलतेय ते अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि भाजल्यासारखे जाणवतही नाहीत. म्हणजे डिसेंबरातल्या गार वाऱ्यात कापूस वेचताना ऊन गोड वाटलं तरी हे किरण असतातच, आणि पातळ ढगातूनही बरेचसे खाली येतात. त्यांचे तीन प्रकार. सी प्रकार वरच्या ओझोनच्या थरात अडतो. बी प्रकार थोडा पोचतो आणि कातडीच्या वरच्या थरात शिरतो. ए प्रकार मात्र भरपूर पोचतो. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 95 टक्के हाच असतो, आणि तो कातडीत खोलवर जातो. खिडकीची साधी काच बी अडवते, ए अडवत नाही.

आता कातडीच्या आत काय आहे ते बघू. आपलं अंग पेशींचं बनलंय, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा सरळ केला तर दोन मीटरच्या घरात जाईल, सहावारी साडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. पेशी मात्र डोळ्याला दिसत नाही इतकी लहान. या धाग्यावर चारच अक्षरं परत परत लिहिलेली असतात: ए, टी, जी, सी. पेशीनं काय करायचं, कधी वाढायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं. आईची पाककृतीची वही असते ना, तशी ही वही. पेशीची दुसरी पेशी होताना ती वही जशीच्या तशी उतरवून घेतली जाते.

बी किरण या वहीवर थेट घाव घालतो. शेजारी-शेजारी दोन टी अक्षरं आली की त्यांना तो एकमेकांना चिकटवून टाकतो. विणकामात दोन टाके एकात अडकले की पुढचा टाका नीट येत नाही, तसं उतरवून घेणारा तिथं अडखळतो.

ए किरणाची रीत वेगळी. तो बराचसा धाग्याला स्वतः हात लावत नाही. कातडीत जे इतर पदार्थ असतात ते हा किरण शोषतात आणि ती ताकद शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकतात. मग तो प्राणवायू पिसाळतो. जवळ जे सापडेल त्याला धरतो, आणि धाग्यावरच्या चार अक्षरांत त्याला सगळ्यात सहज सापडतं ते जी. जी-वर प्राणवायू चढून बसला की ते अक्षर थोडं बदलतं. शास्त्रज्ञ त्याला 8-ऑक्सो-ग्वानिन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, डाग लक्षात ठेवा.

डाग का म्हणते? समजा आईच्या वहीत लिहिलंय, ‘चिमूटभर मीठ’. त्यातल्या ‘चि’वर हळदीचा डाग पडला. डाग पडला म्हणून आमटी लगेच बिघडत नाही. आईला पाठच आहे. पण लेक नवी वही उतरवायला बसली. तिला पहिलं अक्षर दिसेना, तिनं अंदाजानं लिहिलं, ‘मूठभर मीठ’. आता नव्या वहीत डाग नाही. पान स्वच्छ, अक्षर सुरेख, पण मजकूर चुकलेला. त्या वहीवरून नातीनं उतरवलं की तीही मूठभरच लिहिणार. अगदी हेच डागाळलेल्या जी-चं होतं. उतरवणारा त्याला टी समजतो, आणि पुढच्या पेशीत जी-च्या जागी कायमचं टी येतं. धाग्याच्या निरुपयोगी भागात हे झालं तर काही बिघडत नाही. पण ‘आता वाढ थांबव’ असं लिहिलेल्या ओळीत झालं, आणि अशा चुका वर्षानुवर्षं साठत गेल्या, तर पेशी थांबायचं विसरते. त्वचेचा कर्करोग असा सुरू होतो. मावशींचं उत्तर इथं आहे: जन्म उन्हात गेला म्हणून ऊन सरावाचं होत नाही, त्याचा हिशेब साठत जातो.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मला स्वतःला खरी वाटेना. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं, की कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर ए किरण पाडले आणि दिवा बंद केला, तरी अंधारात पुढचे तीन तास आणि जास्तही धाग्याचं नुकसान चालूच राहतं. म्हणजे दुपारी शेतातून येऊन तुम्ही सावलीत पाणी पीत बसलात, तरी आतलं काम थांबलेलं नसतं.

मग आपण सगळ्या अजून धडधाकट कशा? कारण पेशी आपली वही रोज दुरुस्त करते. डागाळलेलं एकच अक्षर उपटून तिथं नवं बसवणारी एक व्यवस्था आहे. चिकटलेले टी असतील तर धाग्याचा तीसएक अक्षरांचा तुकडा कापून तो भाग नव्यानं विणणारी दुसरी. गोधडीला ठिगळ लावतो तसं, फक्त इथं ठिगळ मूळ कापडासारखंच बसतं. या दुरुस्तीचा शोध लावणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सान्जार या तिघांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातले सान्जार तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या लहान गावचे. आई-वडील शिकलेले नव्हते, घरात आठ भावंडं, पण पोरांच्या शिक्षणावर आई-वडिलांचा कटाक्ष. आपल्या वर्गातल्या पोरींना मी हे मुद्दाम सांगते.

ही दुरुस्ती किती मोलाची, हे ती नसलेल्या लेकरांकडे बघून कळतं. झिरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. चिकटलेली अक्षरं काढायची व्यवस्थाच या लेकरांच्या पेशीत जन्मापासून बिघडलेली असते. हे 1968 साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं. अशा बाळाला थोड्या उन्हानंही कातडी भाजते, दोन वर्षांच्या आत तोंडावर तीळच तीळ येतात, उजेडानं डोळे मिटतात, आणि जपलं नाही तर लहान वयातच कर्करोग होतो. आई आणि वडील दोघांकडूनही तोच दोष आला तरच हा आजार होतो, आणि जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. आपल्या मराठवाड्यात मामा-आत्याच्या घरी सोयरीक करायची चाल आहे. मी कुणाचं जमलेलं लग्न मोडायला निघाले नाही. पण बाळाला उन्हाचा असा त्रास दिसला तर ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मिरची उतरवत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे न्या.

आता खरं तेवढंच सांगते, उगीच भीती घालत नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी होतो. कातडीतलं मेलॅनिन हे काळं द्रव्य पेशीच्या आत त्या धाग्याच्या वरच्या बाजूला जमा होतं, डोक्यावर पदर घ्यावा तसं. आणि आपण उन्हानं रापतो ना, ते रापणं म्हणजे धाग्याला इजा झाली म्हणून पेशीनं जास्तीचा पदर मागवणं. काळं पडलं म्हणून पोरीला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं: तो रंग तिची राखण करतो. पण पदर फाटका असू शकतो. कोडाच्या पांढऱ्या डागांवर हे द्रव्य नसतं, तिथं जपायला हवं. आणि डोळ्यांना तर ही राखण नाहीच म्हटलं तरी चालेल. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर बदलत नाहीत. त्यांचं ऑक्सिडीकरण साठत जातं आणि भिंग धुरकट होतं. मोतीबिंदूची कारणं अनेक, वय हे सगळ्यात मोठं, पण उन्हातलं आयुष्य हे त्यातलं एक. बुबुळावर कोपऱ्यातून सरकत येणारा मांसाचा पडदाही उन्हात राबणाऱ्यांत जास्त दिसतो.

इथं थोडी भाकरीची गोष्ट सांगते. ती उन्हाशी कशी जोडलीय ते बघा. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या सगळ्या दख्खनी पट्ट्यात गरिबाचं पोट ज्वारीवर. हैदराबादच्या आसपास ज्वारी खाणाऱ्या मजुरांत पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. गळ्याभोवती हार घातल्यासारखा काळा, खरबरीत पट्टा; हातापायावर तसेच चट्टे; आणि ते नेमके जिथं ऊन पडतं तिथंच, कपड्याखाली नाहीत. पुढं हगवण लागायची आणि डोकंही भ्रमायचं. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत यावर लिहिलं. ज्वारीतल्या ल्युसिन नावाच्या घटकामुळे हे होतं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुढं वाद झाले, पण आजाराचं मूळ नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आहे यावर वाद नाही.

नायसिनचा आणि उन्हाचा संबंध काय? मघाशी सांगितलेली धाग्याची दुरुस्ती फुकट होत नाही, तिला ताकद लागते, आणि ती ताकद पुरवणारा पदार्थ पेशी नायसिनपासून बनवते. नायसिन संपलं की कातडी उन्हापुढे उघडी पडते. ऑस्ट्रेलियात 2015 साली एक प्रयोग झाला. आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेले 386 लोक घेतले. अर्ध्यांना वर्षभर नायसिनच्या एका प्रकारच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यात नवे कर्करोग 23 टक्क्यांनी कमी निघाले, आणि गोळ्या थांबल्यावर तो फायदाही थांबला. ते बहुतेक गोऱ्या कातडीचे रुग्ण होते, मात्राही औषधाची होती, तेव्हा उद्या दुकानात जाऊन गोळ्या मागू नका. आपल्याकडे त्याहून सोपी गोष्ट आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 12 मिलिग्रॅम नायसिन असतं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, वरण, जमेल तेव्हा दूध किंवा अंडं. नुसती भाकरी आणि ठेचा खाऊन दिवसभर उन्हात राबणारी बाई हीच धोक्यात असते, आणि घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर नुसती भाकरी कुणाच्या ताटात उरते, हे मी सांगायला नको.

आता जरा घरातलं. माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आले. गरोदरपणात वांग येतात ते अंगातल्या बदलांनी, आणि ऊन त्यांना गडद करतं. तिनं एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक मलम आणलं. आठवड्यात तोंड उजळ. मला दाखवून म्हणाली, ‘ताई, बघा, तुमच्या विज्ञानापेक्षा हे बरं.’ मीही काही बोलले नाही, ही माझी चूक. चार महिन्यांनी तिचं तोंड लालबुंद. उन्हात पाऊल टाकलं की आग व्हायची, गालावर बारीक शिरा दिसायला लागल्या, आणि मलम बंद केलं की दुप्पट भडकायचं. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड आहे, त्यानं कातडी पातळ झालीय. म्हणजे उन्हाला अडवणारी भिंतच आपण पैसे देऊन खरवडली. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारनं 2018 साली नियम कडक केला, तरी ती मिळतात. जावेचं तोंड निवायला वर्ष गेलं. वांग अजून आहेत. ती आता त्यांना काही म्हणत नाही.

‘मग हळदच लावू का?’ असं मला वसमतच्या एका बैठकीत एका ताईंनी विचारलं. लावा, सणाला लावा, हळदीच्या समारंभाला लावा. पण उन्हात जाताना ढाल म्हणून नको. बरणीतली हळद आठवा. जी स्वतः उन्हानं विटते ती तुमची राखण कशी करणार?

राखण करतं कापड. आपल्या शेतातल्या बायका साडीवर मालकाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, त्याला शहरातले हसतात. हसू द्या, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. फक्त तो अगदी विरलेला, उजेडात धरला तर पलीकडचं दिसणारा नको. जुनेर मऊ असतं म्हणून आपण तेच डोक्याला बांधतो, पण विरळ कापडातून किरण आत येतात, आणि कापड ओलं असेल तर जास्तच. घट्ट विणीचं, गडद रंगाचं सुती कापड घ्या. मान आणि कान झाका. बाया डोकं झाकतात आणि मान विसरतात. पुढं आलेली कड असलेली टोपी असली तर डोळ्यांनाही सावली मिळते.

घड्याळ नसलं तरी चालेल, सावली बघा. तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर किरण सौम्य. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की जपायची वेळ. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत हे किरण जागतिक मापात 11 च्या वर जातात, आणि 11 पासून पुढच्याला ‘अतितीव्र’ म्हणतात. सकाळचं थोडं ऊन मात्र टाळू नका, तेवढ्यावर काही बिघडत नाही. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व अंग उन्हातच बनवतं, पण शेतात राबणाऱ्या बाईला ते मिळवायला वेगळं बसावं लागत नाही. तोंडावर, कानावर, नाकावर एखादी जखम किंवा गाठ महिनाभर बरी होईना, रक्त येऊन परत खपली धरत असेल, तर मलमाचे प्रयोग न करता दवाखान्यात दाखवा. लवकर दाखवली तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेत काम होतं.

राहिली कामाची वेळ. आपल्याकडे मजुरीची वेळ घरचं सगळं आवरून दहा-अकराला सुरू होते, म्हणजे सावली आखूड होते तेव्हाच. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी यंदा ठरवलंय, की हळद पसरायला आणि वर-खाली करायला सकाळी साडेसहाला जायचं, अकराला उठायचं, आणि उरलेलं चारनंतर करायचं. तेवढेच तास, तेवढीच मजुरी. घरी सकाळचा स्वयंपाक कोण करणार, यावर दोन घरांत भांडण झालं. एका घरी मुलगा चहा-भाजी करायला शिकला. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, ‘बघू.’ मावशीही आमच्यात आहेत, त्यांनीच सगळ्यात आधी नाव दिलं. रविवारी परत विचारायला जाणार आहोत.